आजोबांच्या कीर्तनाची डीव्हीडी: लॅपटॉपवर आवाज आहे, टीव्हीवर नाही, मेनूही नीट चालत नाही

माळरान | सोमवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. घरगुती डीव्हीडी बनवण्याचा अनुभव असलेल्यांची मदत हवी आहे.

माझे आजोबा नारदीय कीर्तनकार होते. २००४ च्या रामनवमीला आमच्या गावच्या मंदिरात त्यांचं शेवटचं मोठं कीर्तन झालं. त्याची मिनीडीव्ही टेप आहे, ५८ मिनिटांची. टेप संपली म्हणून आरती राहून गेली, पण पूर्वरंग आणि आख्यान पूर्ण आहे. दुसरी टेप १९९८ ची, आत्येबहिणीच्या लग्नाची, व्हीएचएस, ४० मिनिटं. त्यात आजोबांनी म्हटलेली मंगलाष्टकं आहेत. दोन्ही एकाच डीव्हीडीवर घालून आत्याला द्यायचं ठरवलंय. आत्या ८२ वर्षांची आहे. तिच्याकडे जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर आहे, आणि रिमोट तिला व्यवस्थित चालवता येतो.

व्हीएचएस एका दुकानातून संगणकावर उतरवून घेतली, त्यांनी एमपीईजी फाईल दिली. मिनीडीव्ही मी स्वतः फायरवायरने उतरवली आणि एफएफएमपेगने रूपांतर केलं. मग डीव्हीडीस्टायलरमध्ये दोन्ही घालून मेनू बनवला.

आता अडचण. आमच्या घरच्या प्लेअरवर लग्न नीट लागतं. कीर्तनाचं चित्र येतं, आवाज अजिबात नाही. तीच चकती लॅपटॉपवर व्हीएलसीत लावली की कीर्तनाचा आवाज स्वच्छ येतो. तीन कोऱ्या चकत्या वाया गेल्या. शिवाय मेनूत मागे पेटीचा २० सेकंदांचा तुकडा वाजतो, तो संपून पुन्हा सुरू झाला की निवड परत पहिल्या बटणावर जाते. मी भराभर दाबते म्हणून जमतं, आत्याला जमणार नाही.

तारयंत्र | सोमवार, रात्री ११.०५

माळरान, पहिल्यांदा कोऱ्या चकत्या जाळणं थांबवा. एक डीव्हीडी-आरडब्ल्यू आणा, ती पुसून पुन्हा पुन्हा वापरता येते. काही जुने प्लेअर आरडब्ल्यू वाचत नाहीत, पण तुमचा वाचत असेल तर सगळ्या चाचण्या त्यावरच करा.

दुसरं, दोन्ही मूळ फाईली मीडियाइन्फोमध्ये उघडा आणि आवाजाच्या भागात काय लिहिलंय ते इथे द्या: प्रकार, किलोहर्ट्झ, चॅनेल. डीव्हीडीस्टायलरने चकती बनवताना तपशिलाच्या खिडकीत जी लांबलचक नोंद येते, ती खाली सरकवत वाचा. आवाजाबद्दल काही इशारा आहे का बघा.

पेनड्राइव्ह | सोमवार, रात्री ११.३०

एवढा खटाटोप कशाला? एमपी४ करून पेनड्राइव्हवर द्या की. आता डीव्हीडी कोण वापरतं?

माळरान | मंगळवार, सकाळी ७.१५

@पेनड्राइव्ह, आत्या वापरते. तिच्या टीव्हीला यूएसबी नाही आणि ८२ व्या वर्षी तिला नवीन यंत्र शिकायला लावायचं नाही. ती रोज दुपारी याच प्लेअरवर भजनं लावते. तिच्या हाताला ज्या रिमोटची सवय आहे त्यावरच तिला तिच्या वडिलांचा आवाज ऐकू यावा, एवढंच हवंय.

@तारयंत्र, पाहिलं. लग्न: एमपीईजी ऑडिओ लेयर २ (म्हणजे एमपी२), ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ. कीर्तन: एसी-३, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ. नोंदीत एक इशारा सापडला. आवाजाचा प्रकार एमपी२ वरून एसी-३ असा बदलण्याचा प्रयत्न झाला आणि तो सोडून दिला, असा त्याचा अर्थ लागतो.

तारयंत्र | मंगळवार, सकाळी ९.४०

सापडलं. त्या एका ओळीत सगळं आहे.

डीव्हीडीवर चित्रफिती 'टायटलसेट' नावाच्या गटांत ठेवलेल्या असतात. प्रत्येक गटाची एक आयएफओ फाईल असते. ती म्हणजे त्या गटाचा सातबारा समजा: चित्र कोणत्या प्रकारचं, आकार ४:३ की १६:९, आवाजाचे प्रवाह किती आणि कोणत्या प्रकारचे. ही माहिती गटाला एकदाच लिहिली जाते, प्रत्येक फितीला वेगळी नाही. तुमच्या गटात लग्न पहिलं आलं, म्हणून आयएफओत 'एमपी२' अशी नोंद झाली. कीर्तनाचा एसी-३ आवाज व्हीओबी फाईलमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष चित्र-आवाज असलेल्या फाईलमध्ये, शाबूत आहे, पण प्लेअर आयएफओ वाचून एमपी२ शोधत बसतो. तो कीर्तनात नाहीच, म्हणून शांतता. व्हीएलसी व्हीओबीमध्ये जे सापडेल ते वाजवतो. म्हणून लॅपटॉपवरची चाचणी ही डीव्हीडीची चाचणी धरू नका.

उपाय दोन आहेत. कीर्तन दुसऱ्या टायटलसेटमध्ये टाका, किंवा दोन्हींचा आवाज एकाच प्रकारचा करा. मी दुसरा सुचवेन. डीव्हीडीस्टायलरमध्ये लग्नाच्या फितीच्या गुणधर्मांत जा. चित्राला 'कॉपी' राहू द्या, म्हणजे ते पुन्हा दाबलं जाणार नाही, आणि फक्त आवाज एसी-३ करा. मिनिटाभराचं काम आहे.

जागेचाही हिशोब करून ठेवा. ४.७ जीबी म्हणजे ४७० कोटी बाइट, विंडोज तेच ४.३८ जीबी दाखवतं. तुमची ९८ मिनिटं त्यात बसवायची तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला सरासरी ६ मेगाबिटच्या आसपास ठेवा, मेनूला जागा उरेल. स्टिरिओ आवाजाला १९२ किंवा २२४ किलोबिट पुरतात. दाबलेला नसलेला पीसीएम आवाज घेतलात तर तो एकटाच दीड मेगाबिट खातो आणि ते चित्रातून जातं.

सुपारी_फुटली | मंगळवार, दुपारी १.१०

वाचनखूण साठवली. माझंही अगदी असंच झालं होतं, मी प्लेअर बिघडला समजून दुसरा आणला.

जोडून विचारते. माझ्या मोबाइलवरच्या बारशाच्या चित्रफितीत सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, शेवटी शेवटी आवाज मागे पडतो. तेही हेच का?

तारयंत्र | मंगळवार, दुपारी २.००

नाही, ते वेगळं. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच मागे असेल तर तो नुसता सरकवायचा. हळूहळू वाढत जात असेल तर वेग जुळत नाहीये. बरेच मोबाइल सेकंदाला ठरावीक चित्रं घेत नाहीत, उजेड कमी झाला की चित्रं कमी घेतात. डीव्हीडीला पाल पद्धतीत, म्हणजे भारतातल्या टीव्हीच्या पद्धतीत, ठाम २५ लागतात. मूळ फाईल थेट ऑथरिंगच्या प्रोग्रॅममध्ये न टाकता आधी एफएफएमपेगमधून 'टार्गेट' म्हणून 'पाल-डीव्हीडी' देऊन काढा. चित्र ७२० गुणिले ५७६, २५ चित्रं आणि ४८ किलोहर्ट्झचा एसी-३, सगळं एकदम बसतं. हा धागा माळरान यांच्या अडचणीवर राहू द्या, तुमचा स्वतंत्र काढा, तिथे सविस्तर बोलू.

खिडकीवाला | मंगळवार, रात्री ८.४५

मेनूचं मी सांगतो. माळरानताई, निवड पहिल्या बटणावर परत जाते, कारण २० सेकंदांचा मेनू संपला की प्लेअरला तोच मेनू पुन्हा पहिल्यापासून लावायची आज्ञा आहे. पहिल्यापासून म्हणजे पहिल्या बटणासकट.

प्लेअरमध्ये काही नोंदी असतात, त्यातल्या आठव्या नोंदीत सध्या निवडलेल्या बटणाचा क्रमांक १०२४ ने गुणून ठेवलेला असतो. डीव्हीडीऑथर या प्रोग्रॅमला हाताने आज्ञा लिहून देणारे मेनू संपताना हा आकडा दुसऱ्या नोंदीत उतरवून ठेवतात आणि मेनू सुरू होताना परत लावतात. एवढं केलं की निवड जागेवर राहते.

पण तुमच्या आत्यांसाठी मला विचाराल तर फिरता मेनू नकोच. एक स्थिर चित्र, अमर्याद थांबा, दोन मोठी बटणं. पेटीचा तुकडा एकदा वाजून थांबू दे. वयस्कर माणूस चष्मा शोधतो, रिमोट उचलतो, मग बघतो. तोवर मेनू जागचा हलता कामा नये. संगीत नकोच असेल तर मेनूला आवाजाचा प्रवाहच नाही असं करू नका, शांततेचा रिकामा प्रवाह तरी जोडा. आवाज नसलेल्या मेनूवर काही प्लेअर अडखळतात.

माळरान | गुरुवार, रात्री ९.५०

कीर्तनाला आवाज आला! लग्नाचा आवाज एसी-३ केला, मेनू स्थिर केला. घरच्या टीव्हीवर दोन्ही फिती नीट लागल्या. आरडब्ल्यूवरच आहे अजून. रविवारी आत्याकडे जाऊन तिच्या प्लेअरवर लावून बघते, मग पक्की चकती लिहीन. तारयंत्र, खिडकीवाला, मनापासून आभार.

माळरान | रविवार, रात्री ९.३०

आज आत्याकडे जाऊन आले. चकती लागली, लग्न छान दिसलं. कीर्तन सुरू झालं आणि आजोबांचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. शब्द कळत नाहीत, पेटी आणि तबलाही तसाच पातळ. आवाज पूर्ण मोठा केला तरी तेच. आत्या टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली होती. मला फार वाईट वाटलं.

लग्नाचा आवाज त्याच टीव्हीवर खणखणीत आहे. आमच्या घरी कीर्तनही ठीक होतं, फक्त हेडफोन लावले की आवाज समोरून न येता डोक्याच्या दोन्ही बाजूंना पसरल्यासारखा वाटतो.

आणि मेनूत पिवळी चौकट 'कीर्तन' या नावावर बसतच नाही, थोडी खाली पडते, दोन नावांच्या मध्ये. घरच्या टीव्हीवर बरोबर बसत होती.

ध्वनिफीत | रविवार, रात्री १०.१५

मी बरीच वर्षं कार्यक्रमांना ध्वनिव्यवस्था केली आहे. दोन प्रश्न. कीर्तनाच्या वेळी कॅमेऱ्याला आवाज कुठून दिला होता, कॅमेऱ्याचा माइक की मिक्सरमधून वायर? आणि आत्यांच्या टीव्हीला स्पीकर एकच आहे का?

माळरान | रविवार, रात्री १०.४०

काकांना फोन करून विचारलं. मंदिरातल्या ध्वनिक्षेपकवाल्याने मिक्सरमधून वायर काढून दिली होती, ती कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकात लावली होती. टीव्हीला स्पीकर एकच आहे, मागे पांढरी आणि लाल दोन्ही भोकं आहेत.

ध्वनिफीत | रविवार, रात्री ११.२०

मग तुमचं रेकॉर्डिंग सुरक्षित आहे, काळजी करू नका.

मिक्सरच्या मोठ्या तीन पिनांच्या आउटपुटमधून एकच आवाज दोन तारांवरून पाठवतात, एकीवर सुलट आणि दुसरीवर उलट. लांब वायरमध्ये शिरणारा गुणगुणाट पुढच्या यंत्रात वजा व्हावा म्हणून ही सोय. पण ती वायर कॅमेऱ्याच्या स्टिरिओ भोकात लावली की कॅमेरा सुलट तार डाव्या आणि उलट तार उजव्या चॅनेलवर लिहितो. कॅमेऱ्याच्या दृष्टीने हा स्टिरिओ आवाज.

दोन स्पीकर असतील तर दोन्हींतून ऐकू येतं, फक्त पसरट वाटतं. हेडफोनवर तुम्हाला तेच जाणवलं. एका स्पीकरचा टीव्ही मात्र डावं आणि उजवं मिळवतो. सुलट अधिक उलट म्हणजे जवळपास शून्य. दोन्ही चॅनेल तंतोतंत सारखी नसतात म्हणून थोडा पातळ आवाज उरतो, तोच विहिरीतला.

खात्री करायची असेल तर आत्यांना सांगा, टीव्हीच्या मागची लाल वायर उपटून बघा. आवाज परत येईल.

माळरान | सोमवार, सकाळी ८.०५

आत्यालाच फोन केला. शेजारच्या मुलाने लाल वायर काढली. फोनवरूनच मला आजोबांचं नमन ऐकू आलं. आत्या फोन ठेवेना, आख्यान लागेपर्यंत तसाच धरून बसली होती.

लाल वायर तशीच काढून ठेवली तर चालेल का, की फाईल दुरुस्त करू?

ध्वनिफीत | सोमवार, सकाळी ९.००

फाईल दुरुस्त करा. वायर कोणीतरी पुन्हा लावेल, आणि ही चकती उद्या दुसऱ्या कोणाच्या घरीही जाईल.

मूळ डीव्ही फाईल घ्या, एसी-३ केलेली नको. तिच्यातला आवाज वेव्ह फाईल म्हणून वेगळा काढा. ऑडेसिटीत उघडून स्टिरिओ ट्रॅक दोन भागांत तोडा. फक्त उजवा निवडा आणि 'इन्व्हर्ट' हा इफेक्ट लावा. दोन्ही लहरी जवळ आणून पाहिल्यात तर आता चढ-उतार एकाच बाजूला दिसतील. मग दोन्ही मिसळून एक मोनो ट्रॅक करा. एक चॅनेल फेकून दुसरा ठेवला तरी भागेल, पण दोन्ही मिसळले की आवाज एकमेकांना बळ देतो आणि कॅमेऱ्याची स्वतःची खरखर तितकी वाढत नाही. जुन्या टेपसाठी एवढं जरूर करावं. शेवटी तो मोनो आवाज दोन्ही चॅनेलवर ठेवून ४८ किलोहर्ट्झला साठवा.

वेव्ह फाईल ३२ किलोहर्ट्झची निघाली तर घाबरू नका. मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत १२ बिटचा एक प्रकार असतो, तो ३२ वरच लिहितो. रूपांतराच्या वेळी ४८ करायचं, डीव्हीडीला ते लागतंच.

आवाजाची पातळी वाढवताना संपूर्ण कीर्तन एका मापाने वाढवा. झांज आणि टाळ्यांना दाबून बोलणं वर आणायचा मोह होतो, पण कीर्तनात निरूपण हळू आवाजात सुरू होऊन गजरापर्यंत चढत जातं. ती चढण सपाट झाली तर कीर्तनातला जीव जातो.

खिडकीवाला | सोमवार, दुपारी १२.३०

चौकटीचं कारण: तुमचा मेनू १६:९ आहे ना? आत्यांचा टीव्ही ४:३. प्लेअर मेनूचं चित्र दाबून वर-खाली काळ्या पट्ट्या घालतो, पण चौकट हा चित्राचा भाग नसतो. ती उपशीर्षकांसारखी वरून टाकलेली पारदर्शक काच असते. रुंद टीव्हीसाठी एक आणि पट्ट्यांच्या चित्रासाठी दुसरी अशा दोन काचा लागतात. एकच असेल तर ती दुसऱ्या टीव्हीवर चुकीच्या जागी पडते.

तुमच्या दोन्ही टेपा मुळात ४:३ आहेत, तेव्हा मेनूही ४:३ करा. एकच काच पुरेल.

हात घालताच आहात तर आणखी थोडं. त्या काचेवर पारदर्शक धरून चारच रंग मावतात. देवनागरी अक्षरंच चमकवायला गेलात तर कडा करवतीसारख्या दिसतात. नावं जिंप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये लिहून पार्श्वभूमीच्या चित्रातच बसवा, म्हणजे जोडाक्षरंही तुमच्या फॉन्टप्रमाणे राहतील, आणि चमकायला फक्त जाड अधोरेषा ठेवा. दोन बटणांचे चौकोन एकमेकांवर येऊ देऊ नका. माउसने चालतं, पण रिमोटचे बाण गोंधळतात. आणि ट्यूबचा टीव्ही चित्राच्या कडा गिळतो, म्हणून नावं डाव्या-उजव्या कडेपासून ७२ आणि वर-खाली ५८ ठिपके आत ठेवा.

दूरदेशी | मंगळवार, पहाटे ४.४०

न्यू जर्सीहून. सुंदर धागा. माळरान, इकडच्या नातेवाइकांना प्रत पाठवणार असाल तर एक ध्यानात ठेवा. भारतात पाल, इकडे एनटीएससी, ७२० गुणिले ४८०, सेकंदाला २९.९७ चित्रं. इकडच्या बऱ्याच प्लेअरना पाल चकती चालत नाही, संगणकावर मात्र चालते. घरगुती चकतीला विभागाचं कुलूप नसतं, त्यामुळे ती भानगड नाही. आवाज एसी-३ केलात ते बरं झालं, एनटीएससीत फक्त एमपी२ वर विसंबता येत नाही.

माळरान | शनिवार, रात्री १०.१०

दोन संध्याकाळी गेल्या, पण झालं. आवाज खरंच ३२ किलोहर्ट्झचा होता. उजवा चॅनेल उलटवून मिसळला आणि हेडफोन लावले. पहिल्यांदाच आजोबा समोर उभे राहून बोलतायत असं वाटलं. पूर्वरंगात ते मध्येच थांबतात तिथे मंदिरातलं घड्याळ ठोके देतं, ते इतक्या वर्षांत मी ऐकलंच नव्हतं.

मेनू ४:३ केला, नावं चित्रात, खाली जाड पिवळी रेघ. कीर्तनाला नमन, पूर्वरंग, नामगजर, आख्यान असे भाग पाडले, म्हणजे आत्याला पुढचं बटण दाबून हवं तिथे जाता येईल. आज आत्याकडे लाल वायर पुन्हा लावून बघितलं, आवाज भरभक्कम. तिने स्वतः रिमोटने कीर्तन निवडलं.

एकच राहिलं. कीर्तन संपल्यावर प्लेअर थांबतो आणि निळा पडदा येतो. तिला वाटतं काहीतरी बिघडलं.

खिडकीवाला | शनिवार, रात्री १०.३५

फार आनंद झाला. फीत संपल्यावर काय करायचं ही आज्ञा रिकामी राहिली आहे. दोन्ही फितींच्या गुणधर्मांत शेवटची आज्ञा म्हणून 'कॉल व्हीएमजीएम मेनू' असं द्या. फितीतून मुख्य मेनूकडे जाताना 'जंप' चालत नाही, 'कॉल'च लागतं.

तारयंत्र | शनिवार, रात्री ११.००

आणि पक्की चकती लिहिताना डीव्हीडी-आर घ्या, वेग ४ किंवा ८ पट, लिहून झाल्यावर तपासणी चालू ठेवा. दोन प्रती करा. मूळ डीव्ही फाईल मात्र पुसू नका. तासाला साधारण १३ जीबी जागा खाते, पण टेपवर जे होतं ते जसंच्या तसं फक्त तिच्यातच आहे. दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, एक तुमच्याकडे आणि एक काकांकडे.

माळरान | रविवार, सकाळी ११.२०

शेवटची आज्ञा घातली, कीर्तन संपल्यावर मेनू येतो. दोन प्रती लिहिल्या. हार्डडिस्क काकांकडे पोचली. त्यांनी कपाटातून आणखी तीन मिनीडीव्ही काढून दिल्या, लेबलं नाहीत. एकीवर पेन्सिलने 'आरती' एवढंच लिहिलंय. आज दुपारी ती उतरवते.